जिन्यातले झुबे

शालन, आपण दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर प्राचीचे कान बघितले.

सोमवार होता. चार वाजता समोरच्या नलिनीवहिनी नातीला घेऊन आल्या. प्राचीचा साखरपुडा ठरलेला, पोरीने कानातल्याचे तीन जोड आणलेले. मी नेहमीसारखी खुर्ची खिडकीपाशी ओढली, कारण आपल्या घरात उजेड तिथेच बरा येतो. तू कपाटातून धुतलेला टॉवेल काढून दिलास. मी तो पोरीच्या डोक्याला गच्च गुंडाळला, केस सगळे आत, नुसता चेहरा बाहेर.

"आजोबा, मी अंडं दिसतेय."

"गप बस. तोंड मीट. हलू नको."

चेहरा विड्याचं पान. कपाळ रुंद, खाली हनुवटी निमुळती. मी पहिला जोड बाजूला सारला, दुसरा पण सारला. तिसरे झुमके होते, वर बारीक, खाली फुगीर. म्हटलं, हे घाल, हनुवटीच्या बाजूची रिकामी जागा भरून निघते. पोरीला खरं तर पहिला जोड आवडलेला, लांब टोकदार. "तो घातलास तर चेहरा खाली सांडल्यासारखा दिसेल," मी म्हटलं. तिचं तोंड उतरलं. तू लगेच "चल गो, चाय ठेवलंय" म्हणून तिला आत घेऊन गेलीस. आत काय सांगितलंस देव जाणे, पण बाहेर आली ती झुमके घालूनच आली.

त्या गेल्यावर तू खुर्ची जागेवर ठेवायला आलीस. टोकदारवाला जोड पोर खिडकीत विसरून गेलेली. तू त्यातला एक उचललास, कानाशी धरलास आणि म्हणालीस, "आणि माका?"

मी टॉवेलाची घडी घालत होतो. मान वर केली नाही. "तुला नको. तुझा पाट आहे."

"बरं," तू म्हणालीस, आणि तो जोड समोर देऊन आलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. पाच वाजता चहाला हाक मारली. परत मारली. मग आत आलो. खालचे डॉक्टर आले, तपासलं आणि म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. हे बरं झालं असं सगळे म्हणतात. मी पण म्हणतो. पण मी मान वर केली नाही ती नाहीच केली. आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे बघायचा धंदा केला आणि बायकोने विचारलं तेव्हा टॉवेलाकडे बघून उत्तर दिलं.

पाट हा शब्द आपल्या घरात किती वेळा बोलला गेला असेल. बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून लिहितो, तुला तर पाठच आहे. चौथी शिकून मी कुडाळहून मुलुंडला आलो तो थेट बाबलमामाच्या सलूनमध्ये. मामा म्हणायचा, केस कापायच्या आधी केस विसर. डोक्याला टॉवेल बांध आणि खाली काय उरतं ते बघ. गिऱ्हाईक आरशासमोर बसलं की तो दाढीच्या साबणात बोट बुडवायचा आणि आरशावरच चेहऱ्याच्या कडेने रेघ ओढायचा. गिऱ्हाईक उठून गेलं तरी रेघ राहायची. तिच्याकडे बोट दाखवून मला विचारायचा, "काय आहे हे?" उत्तरं चारच. भाकरी, पपई, विड्याचं पान, पाट. भाकरी म्हणजे गोल, पपई म्हणजे लांबट, पान सांगितलंच. पाट म्हणजे कपाळ आणि जबडा एका मापाचे, कोपरे असलेला चेहरा.

केस, मिशी, कल्ले, सगळं यावरून ठरायचं. कानातल्याचं मात्र मी माझ्या डोक्याने बसवलं. म्हटलं, पुरुषाला कल्ले असतात तिथेच बाईला कानातलं असतं. जागा तीच, मग नियम पण तेच. भाकरीला लांब, उभं, लोंबतं द्या. पपईला लांब दिलं की वाट लागली, तिला कानाला चिकटलेलं रुंद टॉप्स द्या. पाटाला गोलाई हवी, आणि काही झालं तरी जबड्याच्या रेषेवर येऊन थांबणारं नको. कानातलं जिथे थांबतं तिथे बघणाऱ्याची नजर थांबते.

सलून सोमवारी बंद, म्हणून बिल्डिंगमधल्या बायका सोमवारी यायच्या. पहिल्यांदा नलिनीवहिनीच आल्या, भावाच्या लग्नाला काय घालू विचारत. मग त्यांच्या बहिणी, मग शेजारच्या बिल्डिंगमधल्या, मग त्यांच्या मुली. मी तोंडावर सांगायचो. तुमचा चेहरा भाकरी, हे काढा. तुमची मान आखूड, हे काढा. एकजण रडत गेली होती, आठवतं? तू तिच्या मागे जिन्यात गेलीस. मी दारातून ऐकत होतो. "ह्यांचा काय मनावर घेव नको गो. गुण बघूक येता ह्यांका, गोड बोलूक येणा नाय." ती परत आली आणि पुढे दर सणाला येत राहिली. लोक मला विचारायला यायचे असं मला वाटायचं. माझ्या तोंडातून जे सांडायचं ते तू मागून पुसत यायचीस म्हणून ते परत यायचे. हे तुला कधी बोललो नाही. आता बोलतोय.

तुला पहिल्यांदा बघितलं ते पण मी तसंच. बघायला आलो तेव्हा तू डोक्यावरून पदर घेतलेला, केस झाकलेले. माझ्या सोयीचंच झालं. मनात म्हटलं, पाट. वाईट नाही म्हटलं, नुसतं पाट म्हटलं. लग्नानंतर हे तुला मोठ्या कौतुकाने सांगितलं तर तू म्हणालीस, "पाटावर बसवूनच आणलात ना माका? मग आता तक्रार कसली?" आणि असली हसलीस की पलीकडच्या खोलीतून आईने विचारलं, काय झालं म्हणून.

तुझ्या आतेच्या कानात झुबे होते. सोन्याचे, खाली घुमट, घुमटाला बारीक मोती, ती चालली की ते हलायचे. लहान असताना तिच्या मांडीवर बसून तू ते बोटाने हलवायचीस म्हणे. लग्नाला वर्ष झालं तेव्हा पहिल्यांदा म्हणालीस, मला तसले हवेत. मी सांगितलं, झुबे बरोबर तुझ्या जबड्यावर येऊन थांबतील. जबडा दुप्पट दिसेल. तुला कुड्या चांगल्या. आईने दिलेल्या मोत्याच्या कुड्या होत्याच, कानाच्या पाळीवर फुलासारख्या बसलेल्या, नजर वरच्या वर राहते. तू त्या घातल्यास. प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात त्याच घातल्यास. आणि त्या तुला शोभायच्या, शालन. हे मी आज पण मागे घेणार नाही.

महेशचं लग्न ठरलं तेव्हा आपण घाटकोपरला सोनाराकडे गेलो. होणाऱ्या सुनेचं घेऊन झालं, तेव्हा सोनार म्हणाला, "वरमाईंचं काय?" तू काचेवर हळूच बोट ठेवलंस. बोटाखाली झुबे होते. त्याने ते काढून तुझ्या हातात दिले, तू कानाशी नेलेस, आरशात बघायला लागलीस. आणि मी मागून बोललो. माझा आवाज तुला माहीत आहे. "अहो, हिचा चेहरा पाट आहे. हिला लोंबतं चालत नाही. जबडा बघा ना जरा." सोनाराने जबडा बघितला. बाजूला दोन बायका बसलेल्या, त्यांनी पण बघितला. सोनार हसला. तू पण हसलीस, ओठ मिटून, आणि झुबे काचेवर ठेवून दिलेस.

बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस. भांडुप गेल्यावर बोललीस. रागावलीस की तू मालवणी सोडून शुद्ध बोलायचीस.

"तुम्ही गिऱ्हाइकांना पण असंच सांगता?"

"खरं ते सांगतो."

"खरं सांगा ना. पण चार लोकांत कशाला?"

"त्यात काय? सगळ्यांना दिसतंच की."

"दिसतं, मग सांगायचं कशाला?"

मी सीटवरून उठलो. म्हटलं, चल, उतरायची तयारी कर. मुलुंड यायला अजून दहा मिनिटं होती. तेवढा वेळ आपण दोघं बसमध्ये दांडी धरून उभे राहिलो.

आता हे पण लिहायला हवं. माझा हात हलायला लागला ते मला कळलं नव्हतं. कदाचित कळलं होतं आणि मी बघत नव्हतो. तू बघितलंस. मी घरात दाढी करत होतो. महेश आणि सूनबाई तृप्ती रविवारचे आलेले, बाहेर टीव्ही बघत बसलेले. तू आत आलीस, दार लोटलंस आणि अगदी हळू म्हणालीस, "हात हलता तुमचो. दुसऱ्याच्या गळ्याक वस्तरो लावू नकात आता." मी तुझ्यावर ओरडलो. तू ऐकून घेतलंस. दुसऱ्या महिन्यात मी सलून बंद केलं आणि लोकांना सांगितलं की कंटाळा आला. तू पण सगळ्यांना तेच सांगितलंस, ह्यांना कंटाळा आला. मुलाला पण खरं माहीत नाही. आता हे वाचून कळेल.

तू मला दार लोटून सांगितलंस. मी तुला दुकानात सांगितलं. खरं दोघांनी पण सांगितलं होतं.

तू गेलीस त्या दिवशी बायकांनी तुला हिरवी साडी नेसवली, कुंकू लावलं, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं जे काय करतात ते सगळं केलं. मग नेण्याआधी दागिने उतरवायचे. उजवी कुडी निघाली. डावीची फिरकी घट्ट बसलेली, निघेना. नलिनीवहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "भावोजी, माझे हात थरथरतात. तुम्ही बघा." माझे हात थरथरतात म्हणून तर मी सलून बंद केलं, पण हे त्यांना कुठे माहीत. मी आत गेलो. फिरकी काढली.

तुझा कान हातात होता. न्हावी माणूस, हजारो कान धरलेत, पण तुझा किती वर्षांत धरला नव्हता. धरल्यावर दिसलं की पाळीचं भोक लांब झालंय. उभं, चिरल्यासारखं. कुडीने असं होत नाही. कुडी पाळीवर बसते, ती ओढत नाही. असं भोक त्या बाईचं होतं जिच्या कानात वर्षानुवर्षं काहीतरी जड लोंबत असतं. दुसरा कान बघितला, तो पण तसाच. वाटलं, वयाने झालं असेल. लोक खोळंबलेले. मी कुड्या खिशात टाकल्या आणि बाजूला झालो.

आठव्या दिवशी महेश म्हणाला, "बाबा, तेराव्याला आईचा फोटो लागेल. मोठा करून घेऊ, मग तोच भिंतीवर राहील." अल्बम काढले. फोटो भरपूर होते, पण चेहरा एकच. लग्नातला, बारशातला, गणपतीतला. कुड्या घातलेली, ओठ मिटलेले, हात पोटाशी. नुसते केस पिकत गेलेले.

महेश म्हणाला, "आई एकात पण हसत नाहीये."

"फोटोत कोण हसतं?"

"सगळे हसतात बाबा."

तेव्हा तृप्ती म्हणाली, महिला मंडळाचे फोटो समोरच्या काकूंकडे असतील. ती जाऊन नलिनीवहिनींना घेऊन आली. वहिनी मोबाईल पदरात धरून आल्या, बसल्या, पण देईनात.

"भावोजी, आधी सांगते. रागवायचं नाही."

"फोटोत रागवण्यासारखं काय आहे?"

त्यांनी मोबाईल दिला. कोणाच्या तरी घरचं हळदीकुंकू. सात-आठ बायका, मधे तू. कानात झुबे.

"कोणाचे हे?"

"माझे. माझ्या आईचे."

"मग शालनच्या कानात कसे?"

"जिन्यात घालायची. पहिल्या मजल्याच्या वळणावर. आरसा नाही काही नाही, मी मोबाईल धरायचे तिच्यासमोर. कुड्या रुमालात बांधून कमरेला खोचायची. येताना परत तिथेच बदलायची, मगच वर येऊन तुमची बेल मारायची."

"किती वर्षं?"

"मोबाईल नव्हता तेव्हापासून. तेव्हा मी पावडरच्या डबीतला आरसा धरायचे."

"मला सांगायचं ना."

"काय सांगायचं भावोजी? सांगितलं असतं तर तुम्ही बघितलं असतंत. बघितलं असतंत तर बोलला असतात."

तृप्तीला हसू आलं. मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं आणि ती पाणी आणायला गेली.

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा राग आला. तू जाऊन आठ दिवस झालेले आणि मला तुझा राग. इतकी वर्षं एका घरात, एका ताटात जेवलो, आणि बाई जिन्यात कान बदलते. लांब झालेलं भोक आठवलं. म्हणजे कानाला माहीत होतं, नलिनीला माहीत होतं, मंडळाला माहीत होतं, मला नाही. मग एकेक फोटो बघत गेलो. अकरा होते. अकराही फोटोंत तू हसतेस. ओठ मिटून नाही. दात दिसतात, खालची दाढ काढलेली ती जागा पण दिसते. एका फोटोत तर मान मागे टाकलीस आणि डावा झुबा एवढा हललाय की त्याचा नुसता सोनेरी फराटा आलाय. वहिनी म्हणाल्या, मी काहीतरी तुमच्याबद्दलच बोलले होते तेव्हा. काय ते मी विचारलं नाही.

मी बोटाने तुझ्या चेहऱ्याच्या कडेने रेघ ओढायला गेलो, सवयीने. तर फोटोच सरकला, दुसरा आला. परत मागे आणला, परत रेघ ओढली, परत सरकला. तृप्ती म्हणाली, "बाबा, मी धरू का?" नको म्हटलं.

दहाव्याच्या विधीला महेशने केस उतरवले, मी मिशी. तिथला न्हावी चांगला होता, हात हलका. वस्तरा ओठावर टेकवला आणि म्हणाला, "काका, तोंड मिटा. हलू नका." आयुष्यभर मी हेच म्हणत आलो. पहिल्यांदा खुर्चीच्या या बाजूला बसून ऐकलं, आणि बसल्या बसल्या डोक्यात आलं की माझ्या खुर्चीत आजवर कोणी हसलेलं नाही. हसलं तर कापेल. मी जेवढे चेहरे बघितले ते सगळे मिटलेले, गप्प बसवलेले. भाकरी, पपई, पान, पाट ही त्या गप्प चेहऱ्यांची नावं. बायकांना पण टॉवेल गुंडाळून आधी गप्पच करायचो. हसणारं माणूस कोणत्या आकाराचं असतं हे मामाने शिकवलं नाही आणि मी विचारलं नाही. तू हसतेस तेव्हा गाल वर जातात, हनुवटी खाली उतरते, जबड्याचे कोपरे जातात कुठेतरी. पाट राहत नाही. काय होतं ते मला सांगता येत नाही. माझ्याकडे त्याला शब्द नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागली. मला तुझा पाटच दिसत राहिला, कारण माझ्यासमोर तू तोंड मिटून असायचीस. बोलायचीस, टोमणे मारायचीस, घर तर तूच चालवलंस. पण मान मागे टाकून, दाढेची जागा दिसेपर्यंत, तशी माझ्यासमोर कधी हसलीस ते आठवत बसलो. सोनाराच्या दुकानाआधीचं आठवलं. नंतरचं आठवलं नाही. कदाचित असेल, मी बघितलं नसेल. म्हातारा झालोय, विसरत पण असेन. विचारू कोणाला? हे विचारायला तूच लागतेस.

आता तू म्हणशील, मग करा मान्य, झुबे शोभायचे म्हणून. नाही करत. अकराही फोटो मी पुन्हा बघितले, उजेडात, चष्मा पुसून. झुबे तुझ्या कानाला जड होतात, पाळी ओढली जाते, मान आखूड दिसते. हसतेस तेवढा वेळ जबडा दिसत नाही हे खरं. हसून थांबलीस की परत दिसणार. माझं म्हणणं तेच आहे. तुझ्याशी भांडायचं होतं यावर, नीट, समोरासमोर बसून. तू म्हणाली असतीस, "तुमका काय कळता?" आणि मी म्हटलं असतं, मला नाही तर कोणाला कळतं? भांडण तिथून कुठे गेलं असतं कुणास ठाऊक. पण मी त्या वेळी तुझ्याकडे बघत असतो. एवढं तरी झालं असतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी महेश स्टुडिओतून आला. हातात फोटो, छापून आणलेला, एवढा मोठा. "बाबा, हा बघा. पटला तर उद्या फ्रेम करतो." मान मागे टाकलेलाच फोटो होता. बाकीच्या बायका काढून टाकलेल्या, मागे निळा रंग भरलेला, आणि तू एकटी हसतेस. कानात कुड्या.

मी चष्मा लावला. कुड्याच. मोत्याच्या, नीट पाळीवर बसवलेल्या. फोटोवाल्याने जुन्या फोटोतून कापून लावलेल्या.

महेश माझ्याकडे बघत होता. मुलगा आहे माझा, पण जीभ तुझी घेतलीय त्याने. म्हणाला, "म्हटलं, हसणं पण राहील आणि तुम्हाला पण बरं वाटेल." दारात नलिनीवहिनी उभ्या, तृप्ती उभी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत. हे सगळे मला जपत होते, जसं तू जपायचीस.

आणि सांगू का, दिसत होतं चांगलं. माझ्या नियमाने बघितलं तर एकदम बरोबर. मी म्हटलं, "बरं आहे." महेशने सुटकेचा श्वास सोडला.

फोटो रात्रभर टेबलावर उभा होता. त्यात तू जिना चढून आलीस, वळणावर थांबलीस, कान बदललेस आणि आता बेल मारून दारात उभी आहेस, असं दिसत होतं. हसू तेवढं पुसायचं राहून गेलेलं.

सकाळी उठलो. आंघोळ केली, चहा माझा मीच केला, तृप्ती उठायच्या आत फोटो पिशवीत घातला आणि खाली उतरलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर जरा थांबलो, गुडघ्यामुळे. स्टुडिओ उघडायला वेळ होता. समोर बाकड्यावर बसलो. फोटोवाला आला, शटर वर केलं, मला बघून म्हणाला, "काका, इतक्या सकाळी? काही चुकलं का?"

"ह्यातल्या कुड्या काढ. आधी जे होतं ते परत लाव."

"तुमचा मुलगाच बोलला, बाबांना कुड्या आवडतात."

"आवडतात. काढ."

तो बसला, मशीन चालू केलं. एक बटण दाबलं, डावी कुडी गेली. दुसरं दाबलं, उजवी गेली. झुबे आले. तू मान मागे टाकून हसत होतीस. पडद्यावर माझ्या डोक्यापेक्षा मोठी.

"हा डावा हललाय काका. साफ करून देऊ?"

"नको."

"बरं. मग जबडा थोडा बारीक करू? म्हणजे असल्या कानातल्यांना सूट होईल. सगळे करून घेतात."

"जबड्याला हात लावायचा नाही."

त्याने मशीनवरचा हात काढला. त्याला काय करावं कळेना, म्हणून परत विचारलं, "म्हणजे काका, हेच शोभतंय ना त्यांना?"

"नाही शोभत," मी म्हटलं. "छाप."